दुसरीसाठी 'कायतरी' नको : जुळ्या मुलींच्या नावांविषयी

मागच्या वेळी आपण इथंच, कड्याला, 'नाम आणि नामी' या विषयावर बोललो होतो. व्याख्यान संपलं, मंडळी चपला शोधत होती, तेवढ्यात एका आजोबांनी आम्हाला गाठलं. म्हणाले, "सर, नाती झाल्यात. दोन. जावळ्या. थोरलीचं समृद्धी ठरलंय, सूनबाईच्या मनातलंय ते. धाकटीसाठी तिला जुळंल असं कायतरी सांगा की."

आम्ही तिथल्या तिथं उत्तर दिलं नाही, पुढच्या व्याख्यानापर्यंत मुदत मागून घेतली. ती मागण्यात काही गैर नव्हतं. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानं जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण ती नावाशिवायही होते. नाव नंतर एका वर्षापर्यंत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंबशुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. तेव्हा बाराव्या दिवशी घाईघाईनं मोबाइलवर यादी काढायची गरज नाही. ते आजोबा आज तिसऱ्या रांगेत बसले आहेत. आजचं व्याख्यान म्हणजे त्यांना द्यायचं राहिलेलं उत्तर आहे, तुम्ही सगळे साक्षीला आहात.

आता त्या वाक्याकडे जरा बघा. थोरलीचं 'ठरलंय', धाकटीसाठी 'जुळंल असं कायतरी'. दोघींच्या वयात फरक किती, तर चार मिनिटांचा. त्या चार मिनिटांत एकीला नाव मिळालं आणि दुसरीला त्या नावाचं यमक मिळणार होतं. आजोबांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे आम्ही शपथेवर सांगू. आपण सगळेच असं बोलतो. म्हणूनच हा प्रश्न आम्हाला बारशापुरता वाटला नाही.

समृद्धीला जुळणारं म्हटलं की पहिलं काय सुचतं? रिद्धी. मग सिद्धी, वृद्धी. आता समृद्धी हा शब्द फोडू. सम् अधिक ऋद्धी. ऋद्धी म्हणजे भरभराट, आणि मागं 'सम्' लागला की ती भरभराट पुरेपूर झाली. म्हणजे थोरली समृद्धी आणि धाकटी रिद्धी ठेवली, तर धाकटीला नेमकं थोरलीचंच नाव मिळालं, फक्त त्यातला पुरेपूरपणा काढून घेऊन! कुणाच्या ध्यानात येत नाही, पण शब्द तेच सांगतो.

आपल्या मराठीला नादाचं वेड आहे. भाजीबिजी, चहाबिहा, पुस्तकबिस्तक. जुळ्यांना आपण 'आवळी-जावळी' म्हणतो, तेसुद्धा यमकातच. यातली 'बिजी' म्हणजे काय? तिला स्वतःचा अर्थ नाही, भाजी असेल तरच बिजी. एकटी बिजी कुणी बाजारातून आणलेली नाही. यमकातून काढलेल्या नावाचा हाच धोका आहे. सोनालीला जुळवून मोनाली ठेवली की मोनाली सोनालीच्या आधारानं उभी राहते. मोनाली एकटी कुठं गेली की लोक विचारतात, "अगं, सोनाली कुठाय?"

नाव म्हणजे काय, यावर तत्त्वज्ञांनी पुष्कळ डोकं चालवलेलं आहे. मिल या इंग्रज तत्त्वज्ञानं १८४३ च्या तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात म्हटलं, की विशेषनामाला अर्थ नसतो, ती नुसती खूण असते. त्याचं उदाहरण छान आहे. डार्ट नदीच्या मुखाशी वसलं म्हणून एका गावाला डार्टमथ म्हणतात, पण उद्या नदीनं पात्र बदललं तरी गावाचं नाव तेच राहील. आपल्याकडे पतंजलीनं महाभाष्यात शब्दांचे चार प्रकार केले : जातीचे, गुणाचे, क्रियेचे आणि चौथे यदृच्छाशब्द, म्हणजे कुणीतरी मनाला येईल तसे ठेवलेले. या चौथ्या प्रकाराची व्याकरणात ठरलेली उदाहरणं कोणती, ठाऊक आहे? डित्थ आणि डवित्थ. आम्ही हे विद्यार्थ्यांना अनेक वर्षं शिकवलं आणि आमच्या फार उशिरा लक्षात आलं, की अर्थहीन नावाचं उदाहरण द्यायची वेळ आली तेव्हा आपल्या वैयाकरणांना जे सुचलं ते यमकाचं जोडपं होतं!

पण मिलसाहेबांशी आपलं एका ठिकाणी पटत नाही. नाव खूण असेलही. पण ती खूण ज्याच्यावर केली तो माणूस ती ऐकत असतो, दिवसातून शंभर वेळा. गावाला आपलं नाव ऐकू येत नाही. मुलीला येतं.

आपल्या जिल्ह्यात तर हे विसरून चालणारच नाही. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलग्यांमागं बीड जिल्ह्यात मुली होत्या जेमतेम ८०७. राज्यात सगळ्यात कमी. त्याच साली ऑक्टोबरात साताऱ्याला 'नकुशी' नावाच्या २८० हून अधिक मुलींना समारंभ करून नवी नावं देण्यात आली. नकुशी, म्हणजे नको असलेली. आता, धोंडू, दगडू, केरबा हीसुद्धा ओबडधोबड नावं, पण त्यांच्यामागं माया आहे. मूल जगावं, त्याला दृष्ट लागू नये, म्हणून मुद्दाम ठेवलेली. नकुशीचं तसं नाही. त्या नावात घरानं मुलीला आपलं मत सांगून टाकलेलं असतं. 'कायतरी' हे नकुशीच्या जवळपासही नाही, मान्य. पण दोन्हींचा रस्ता एकाच फाट्यावरून निघतो. एकीच्या बाबतीत विचार केला, दुसरीच्या बाबतीत नाही.

तुम्ही म्हणाल, यमकाची जोडी ही तर आपली परंपरा. खरंच आहे का? आपल्या परंपरेतली जुळी आठवू. नकुल आणि सहदेव. यमक नाही, पहिलं अक्षर एक नाही. देवांचे वैद्य अश्विनीकुमार, त्यांची नावं नासत्य आणि दस्र. काही संबंध नाही. लव आणि कुश. वाल्मीकींनी दर्भाच्या अग्रांनी थोरल्याचं मार्जन करायला सांगितलं तो कुश, आणि बुडख्याकडच्या भागानं धाकट्याचं, तो लव. एकाच दर्भाची दोन टोकं! नाद जुळवलेला नाही, पण जोडी घट्ट आहे. (आणि गंमत बघा, थोरला कुश, तरी आपण म्हणतो लव-कुश.) यमकासारखी जोडी म्हणून आठवतात यम आणि यमी. मुळात 'यम' या शब्दाचाच एक अर्थ जुळा, त्यामुळं तिथं इलाज नव्हता.

मग यमक पक्कं केलं कुणी? आमच्या मते सिनेमानं. १९६७ साली 'राम और श्याम' आला, १९७२ साली 'सीता और गीता', १९८९ साली 'चालबाज'मधल्या अंजू आणि मंजू. आम्हीही तंबूत बसून टाळ्या वाजवल्यात. पण त्या कथांची गरज काय होती, ते बघा. दोघींची अदलाबदल व्हावी आणि कुणाला पत्ता लागू नये. घरी दोन मुली वाढवताना आपली गरज बरोबर उलटी असते.

ही अदलाबदल पडद्याबाहेरही होते. आमच्या वर्गात एकदा जुळ्या बहिणी होत्या. नावं सांगत नाही, एका अक्षराचा फरक होता. जन्मतारीख एक, वडलांचं नाव एक, आडनाव एक. निकालात एकीचे गुण दुसरीच्या नावावर लागले. ते दुरुस्त व्हायला सहा महिने गेले आणि तोवर एकीची पुढची प्रवेशाची तारीख उलटली. वडील भले गृहस्थ, म्हणाले, "सर, दोघी एकाच घरातल्या, काय फरक पडतो?" जिची तारीख उलटली ती शेजारी उभी होती. ती काही बोलली नाही. दोष सगळा कारकुनावर टाकायला आम्ही मोकळे नाही, कारण तीन वर्षं हजेरी घेताना आम्हीही त्यांची नावं उलटसुलट घेतली होती आणि वर्ग हसला की आम्हीही हसत होतो. पुष्कळ वर्षांनी ती एका बसस्थानकावर भेटली. नमस्कार केला आणि ओळख कशी द्यावी? "सर, मी तिची बहीण." स्वतःचं नाव तिनं सांगितलंच नाही. आपल्याला ते आठवणार नाही, हे तिला ठाऊक होतं. आणि तिचं खरं होतं.

आता कागदाची बाजू आणखी कडक झाली आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव आपल्या राज्यात कसं लिहायचं? स्वतःचं, मग आईचं, मग वडलांचं, मग आडनाव. आईचं नाव आलं, फार चांगलं झालं. पण जुळ्यांच्या बाबतीत चार शब्दांतले तीन शब्द तंतोतंत सारखे, जन्मतारीख सारखी, पत्ता सारखा. पाच वर्षांच्या आत आधार काढलं तर बोटांचे ठसेही घेत नाहीत. म्हणजे माणूस वेगळा असल्याचा सगळा भार त्या पहिल्या एका शब्दावर. तिथं एका मात्रेचा फरक ठेवून कसं चालेल? इंग्रजी स्पेलिंगात तर तीही मात्रा गळून जाते.

पहिलं अक्षर एक असावं, असा आग्रह पुष्कळ घरांत असतो. त्याचं कारण पंचांगात आहे. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो, नक्षत्राचे चरण चार, म्हणजे एका चरणाला सहा तासांच्या आसपास. जुळी काही मिनिटांच्या अंतरानं होतात, त्यामुळं बहुतेक वेळा दोघींना एकच चरण आणि एकच अक्षर येतं. रोहिणीचा तिसरा चरण आला, तर गुरुजी दोघींना 'वी' सांगणार. मग विद्या, विजया, वीणा सुरू. यावर आपल्या आजीनं तोडगा काढून ठेवलेलाच आहे : राशीचं नाव वेगळं, चालू नाव वेगळं. राशीचं नाव पत्रिकेत राहू द्या, तिथं दोघी 'वी'च्या असल्या तरी कुणाचं काही अडत नाही. हाकेचं नाव मोकळेपणानं निवडा.

हाकेवरून आठवलं. एक परीक्षा सांगतो, फुकट आहे. नावं ठरवण्याआधी बांधावर जाऊन मोठ्यानं हाक मारून बघा. लांबून हाक मारली की व्यंजनं हवेत विरतात आणि स्वर तेवढे पोचतात. सीता आणि गीता यांत पोचतं काय? 'ई...ए!' कारण मराठीत हाक मारताना सीताची सीते होते आणि गीताची गीते. दोघी मान वर करतात, नाहीतर दोघीही करत नाहीत. याउलट 'मथुरे' आणि 'द्वारके' यांत कधी घोटाळा होणार नाही. तसंच लाडाचं रूप काय होईल, तेही आधी बघा. सुनंदा आणि सुनीता कागदावर वेगळ्या दिसतात, आठ दिवसांत दोघींची 'सुनी' होते.

मथुरा-द्वारका आम्ही सहज म्हणालो, पण आपल्या भागातली खरी अभिजात जोडी हीच आहे. आठवा तुमच्या आजीच्या पिढीतल्या बहिणी. गयाबाई आणि प्रयागबाई. काशीबाई आणि मथुराबाई. गंगूबाई आणि चंद्रभागाबाई. नाद जुळवलेला नाही, पण सगळी तीर्थं एका वाटेवरची. अभिजात म्हणजे संस्कृतच पाहिजे असं काही नाही. पिढ्यान् पिढ्या तोंडात घोळून गुळगुळीत झालेलं आणि तरी अर्थ न हरवलेलं नाव आम्ही अभिजात मानतो. मनुस्मृतीत मुलीच्या नावाचे नियम आहेत. उच्चाराला सोपं, कठोर नसलेलं, अर्थ स्पष्ट, शेवट दीर्घ स्वराचा. एवढं पटण्यासारखं आहे. पण तीच स्मृती पुढं सांगते, की नदीचं, झाडाचं, पक्ष्याचं नाव असलेली मुलगी करू नये! आमच्या मराठवाड्यानं हे ऐकलंच नाही. घरोघर गोदावरी, तुळसा, मैना. ऐकलं नाही ते बरं केलं.

नद्यांच्या जोड्यांना मात्र एक खोच आहे. गंगा-यमुना ही सगळ्यांची आवडती जोडी, पण प्रयागला संगम झाला की पुढं नाव चालतं गंगेचंच. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात, प्रीतिसंगम म्हणतो आपण, पण पुढं वाहते ती कृष्णा. त्यामानानं ज्या संगमात एकमेकींना मिळत नाहीत अशा नद्या निवडाव्यात, असं आमचं थोडं खोडकर मत आहे. गोदावरी आणि इंद्रायणी घ्या. दोघींच्या काठी संतांची गावं, दोघींना आपापलं पाणी.

अशीच गंमत श्रुती-स्मृतीची. हल्ली फार ऐकू येते ही जोडी, आणि ऐकायला गोडच आहे. पण मीमांसा शिकलेल्या माणसाला धसका बसतो. श्रुती आणि स्मृती यांचा विरोध आला, तर श्रुती प्रमाण मानायची, असा नियम आहे! घरात भांडण झालं की निकाल आधीच लागलेला. दिती-अदिती तर सुचवूच नका, एकीची मुलं दैत्य आणि दुसरीची देव. कद्रू आणि विनता सख्ख्या बहिणी, पण पैजेत हरून एक दुसरीची दासी झाली. देवयानी-शर्मिष्ठेचंही तेच. पुराणातून जोडी उचलताना तिची गोष्ट शेवटपर्यंत वाचावी, एवढंच.

मंगेशकर बहिणींची नावं आम्हाला नेहमी नमुनेदार वाटतात. त्या जुळ्या नव्हेत, पण लता, मीना, आशा, उषा ही चारही नावं दोन अक्षरी, चारही आकारान्त. एका घरातली आहेत हे कळतं आणि एकही दुसरीवर टेकलेलं नाही. त्यातली लता मुळात हेमा होती, म्हणजे नाव बदललं तरी ओळ बिघडली नाही.

पण भावंडांच्या नावांचा सर्वांत मोठा नमुना आपल्या गोदेकाठी आहे, पैठणजवळच्या आपेगावच्या घराण्यात. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. वेगवेगळी अक्षरं, वेगवेगळी लांबी, यमकाचा पत्ता नाही. आणि अर्थ लावत जा : मन मागं फिरणं, मग ज्ञान, मग जिना, मग मोकळं होणं. चार नावांत एक अख्खा विचार उभा आहे. तरी मुक्ताईला कुणी 'ज्ञानदेवाला जुळणारं कायतरी' म्हणत नाही. ती सगळ्यांत धाकटी, आणि रुसून बसलेल्या थोरल्या भावाला ताटीचं दार उघडायला लावणारीही तीच.

जोडी जुळवायची ती अशी, अर्थात. आपल्या शेजारी चौंडी आहे, १७२५ साली अहिल्याबाई जन्मल्या ते गाव. जिजाऊ सिंदखेडराजाच्या. जिजा आणि अहिल्या : एक दोन अक्षरी, एक तीन अक्षरी, हाकेला वेगळ्या, कागदावर वेगळ्या, आणि दोघींनी राज्य पेललं. सावित्री आणि रमा घ्या. मेधा आणि श्रद्धा घ्या, एक बुद्धीची, एक विश्वासाची, आमच्या विषयातलं जुनं भांडण एकाच पाळण्यात.

आता आजोबा, तुमचं उत्तर. समृद्धी ठरलंय, ते बदलू नका, सूनबाईच्या मनातलं आहे. वैशेषिक दर्शनात कणाद मुनींनी धर्माची व्याख्या करताना दोन गोष्टी शेजारी ठेवल्या आहेत, अभ्युदय आणि निःश्रेयस. अभ्युदय म्हणजे इथली भरभराट, निःश्रेयस म्हणजे मोकळं होणं. पहिलीचं नाव तुमच्याकडे आहेच. दुसरीचं मुक्ता ठेवा. मुक्ता म्हणजे मोतीही. समृद्धी आणि मुक्ता. एक अक्षर सारखं नाही, हाकेला घोटाळा नाही, आणि कोण कुणाला जुळवली, ते कुणाला सांगता यायचं नाही.

(श्रोत्यांतून आजोबा : "सर, फोनवर सूनबाईला विचारलं आत्ताच. ती म्हणती, मग थोरलीलाच मुक्ता ठेवू का?")

ठेवा की! तिला दोन्ही नावं सारखीच हवीशी वाटली, तर मग कुणाला कुठलंही द्या.

(आजोबा : "आन् पाळण्यात आधी कुणाचं नाव घ्यायचं? आत्या एकच हाय.")

आत्या एक, मावशी आहे ना? मग आत्यानं एकीच्या कानाशी वाकावं, मावशीनं दुसरीच्या, आणि दोघींनी एकदम कुर्र करावं. पाठीत धपाटे मात्र दोघींनाही घाला, मावशीला सोडू नका.